वडिलांचा रकाना

हवा भरत गेली तसा दंडावरचा पट्टा आवळत गेला आणि मिस्त्रीनं नजर छताच्या पंख्याकडे वळवली. पंख्याचं बेअरिंग गेलं होतं. दर फेऱ्याला बारीक खट्‌ असा आवाज येत होता.

"पंखा महिन्याभरात बसणार तुमचा," तो म्हणाला.

"बोलू नका, आकडा चुकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पट्ट्यातली हवा सुस्कारा टाकत उतरली. बाईंनी तिसऱ्यांदा तोच आकडा कागदावर लिहिला. एकशे बावन्न.

मिस्त्री त्रेचाळीस वर्षांचा होता. पाण्याचे पंप, पंखे, गिरणीच्या मोटारी, जे जळेल त्याची जुनी तार उपसून नवी भरायची, हा त्याचा आणि त्याच्या वडिलांचा धंदा. वडिलांना तो अण्णा म्हणायचा. पाच वर्षांपासून त्याला साखर होती आणि दोन वर्षांपासून रक्तदाब. गोळ्या बायकोनं तळहातावर ठेवल्या की घ्यायचा, नाही ठेवल्या की विसरायचा. आजही तिनंच दटावून पाठवलं होतं. हा वाटेतूनच दुकानात पळेल, म्हणून पहारा ठेवायला अण्णांना सोबत दिलं होतं. अण्णा बाहेर बाकावर बसले होते.

"तुमचं वय, बीपी, साखर, रक्तातली चरबी, सगळं या तक्त्यात भरायचं," बाई संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवत म्हणाल्या. "मग तो सांगतो, पुढच्या दहा वर्षांत झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता किती."

"ज्योतिषीच म्हणा की."

"ज्योतिषी पत्रिका बघतो, मी रक्त बघते. सिगारेट?"

"सुटली. सात वर्षं झाली."

"छातीत दुखतं? चालताना, जिना चढताना?"

"छातीत? छे."

"आई?"

"सहा वर्षांपूर्वी गेली. कॅन्सरनं."

"वडील? साठीच्या आत त्यांना कधी हृदयाचा त्रास?"

मिस्त्री हसला. "वडील बाहेर बसलेत, बाई. शहात्तर वर्षांचे आहेत. आत्ता मी लिफ्टनं आलो आणि ते दोन मजले चढून माझ्याआधी पोचले. साखर नाही, बीपी नाही, दात स्वतःचे. त्यांचं हृदय कंपनी फिटिंग आहे, अजून कुणी खोललेलं नाही."

बाईसुद्धा हसल्या. वडिलांच्या रकान्यात त्यांनी ‘नाही’ भरलं. पडद्यावर एक चौकट पिवळी झाली आणि तिच्यात आकडा आला. नऊ.

"तुमच्यासारखे शंभर जण एका रांगेत उभे केले, तर दहा वर्षांत त्यातल्या नऊ जणांना काहीतरी होईल."

"म्हणजे एक्क्याण्णवांत आपण."

"ते तक्ता सांगत नाही. तो शंभरांचं सांगतो, तुमचं एकट्याचं नाही." बाईंनी एक गोळी वाढवून लिहिली, रोज चालायला सांगितलं, मीठ कमी करायला सांगितलं. "तीन महिन्यांनी या. आणि गोळ्या बायकोच्या हातून नाही, स्वतःच्या हातानं घ्या."

परत जाताना अण्णांच्या सोबतीला तोही जिन्यानं उतरला. उतरता उतरता सगळं सांगत होता.

"नऊ आला. तुमच्यामुळे वाचलो, अण्णा. वडिलांना लवकर झटका आलेला असला की आकडा चढतो म्हणे. आपल्या घराण्यात तो प्रकारच नाही. काका नव्वदीचे, आजोबा शेवटपर्यंत काठी न घेता—"

मागून पावलांचा आवाज येईना म्हणून त्यानं वळून पाहिलं. अण्णा चार पायऱ्या वर थांबले होते. एक हात कठड्यावर.

"तिथं वडिलांचं विचारतात?"

"विचारतात की."

"आणि चढतो म्हणजे किती चढतो?"

"ते मला काय ठाऊक. तुम्हाला कशाला हवाय? तुम्ही परीक्षेला बसलाच नाहीत."

अण्णा उतरले. घरापर्यंत काही बोलले नाहीत. तसेही ते मोजकंच बोलायचे, त्यामुळे मिस्त्रीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात पाच अश्वशक्तीची एक मोटार आली. गिऱ्हाईक ती उंबऱ्याशी ठेवून घाईनं निघून गेलं. मिस्त्रीनं ती पोटाशी धरून टेबलावर चढवली आणि तिथंच थांबला. डावा खांदा आतून कुणीतरी पिळावा तसा दुखायला लागला. कळ दंडात उतरली, मग वर जबड्यात गेली. त्यानं उजव्या हातानं खांदा दाबून धरला, दात आवळले आणि वाट पाहिली. मिनिटभरात कळ गेली. गेल्या महिन्यापासून हे असंच चाललं होतं. वजन उचललं की यायची, थांबलं की जायची.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला अण्णा हँडल फिरवून नवी कॉइल भरत होते. वेढे तोंडानं मोजायची त्यांची सवय होती. वरच्या मजल्यावर भांडण चालू असो की दारात वरात, त्यांचा आकडा कधी चुकत नसे. ती पुटपुट थांबल्याचं मिस्त्रीच्या लक्षात आलं. अण्णा चष्म्यावरून त्याच्याकडे बघत होते. हँडल अर्ध्यात थांबलं होतं.

"कधीपासून?"

"काय?"

"खांदा."

"झाला असेल महिना. वजनाचं आहे ते. या वयात तुम्हाला दुखत नाही आणि मला दुखतो, सगळी उलटी गंगा."

"जबड्यात जाते कळ?"

मिस्त्रीनं चमकून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

अण्णांनी हँडल सोडलं. ताण सुटलेली तार सरसर उलगडली, तिचे वेटोळे जमिनीवर पसरले. त्यांनी ती गोळा केली नाही. हात पुसले, चपला घातल्या.

"तू त्या मोटारीला हात लावू नकोस. कशालाच हात लावू नकोस. बस नुसता."

"अण्णा, अहो पण निघालात कुठं?"

धंद्याच्या वेळात अण्णा दुकान सोडून गेलेले त्यानं कधी पाहिले नव्हते. आई आजारी होती तेव्हासुद्धा ते दुकान बंद करून जायचे, सोडून नाही. मिस्त्री दारापर्यंत आला. म्हातारा रस्ता ओलांडून पलीकडे पोचलाही होता.

तासाभरानं फोन वाजला. दवाखान्यातून परिचारिका बोलत होती.

"तुम्ही लगेच याल का? तुमचे वडील इथं आहेत."

"काय झालं त्यांना?"

"बाईंनी बोलावलंय. लगेच या."

त्यानं शटर ओढलंही नाही. शेजारच्या दुकानदाराला ओरडून सांगितलं आणि रिक्षा पकडली. रिक्षात बायकोला फोन लावला, मग ती घाबरेल म्हणून कापला. दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट वर कुठंतरी अडकली होती. तो दोन-दोन पायऱ्या घेत सुटला. पहिल्या मजल्यावर खांदा पेटला. दुसऱ्यावर जबडा. अण्णा जमिनीवर पडलेले, अण्णांच्या तोंडावर मास्क, अण्णांच्या अंगावर पांढरी चादर, असं काय काय डोळ्यांपुढं येत होतं. त्यानं दार ढकललं.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर डॉक्टरीणबाई, हातात टोपण न काढलेलं पेन.

"दार लावून घ्या," बाई म्हणाल्या. "बसा."

"यांना काय झालंय?"

"यांना काही झालेलं नाही. परवा आपण जी माहिती भरली, तिच्यात एक दुरुस्ती आहे असं हे म्हणतात. मी म्हटलं, तुमच्या मुलाची माहिती मी त्याच्या माघारी बदलणार नाही. जे सांगायचं ते त्याच्यासमोर सांगा."

मिस्त्रीला हसू आलं. भीती एकदम उतरली की येतं तसं. "एवढ्यासाठी? अण्णा, जीव गेला असता की माझा."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"लिहा बाई," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला मोटारीतला बिघाड सांगताना लागायचा तसाच आवाज होता. "वडील. वय छत्तीस. हृदयाचा झटका. जागच्या जागी गेले. आधी तीन आठवडे डावा खांदा दुखायचा, कळ जबड्यात जायची. याला पण तसंच दुखतंय, महिनाभर."

"कुणाचे वडील?" मिस्त्रीनं विचारलं.

"तुझे."

पहिल्यांदा त्याला वाटलं, अण्णांचं डोकं फिरलं. ऐन उन्हात चालत आले असणार. तो उठला, त्यांच्या दंडाला धरलं. "चला घरी. बाई, यांना पाणी द्या जरा."

"बस खाली," अण्णा म्हणाले. "मला ऊनबिन लागलेलं नाही. धंद्याची सुरुवात मी एकट्यानं केली नव्हती, आम्ही दोघं होतो. तो आणि मी. दुसऱ्या गावात. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. तो गेला तेव्हा तू पोटात होतास, पाचवा चालू होता. दोन महिन्यांनी मी तुझ्या आईशी लग्न केलं. गाव सोडलं, इथं दुकान टाकलं. तू झालास त्या दिवशी तिला म्हटलं, हा माझा आहे, पुन्हा हा विषय नाही. तिनं पाळलं. मी आज मोडतोय."

बाहेर कुणाचं तरी मूल इंजेक्शनच्या भीतीनं भोकाड पसरत होतं. मिस्त्री ते ऐकत राहिला. त्यानं अण्णांकडे पाहिलं. बुटका, रुंद हाडाचा, आखूड बोटांचा माणूस. मग टेबलावर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं. लांब, सडपातळ बोटं. ‘मामावर गेलाय,’ असं सगळे म्हणायचे. मामा पाच फूट दोन इंच होता. एवढ्या वर्षांत हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? आपल्या कसं नाही आलं?

"खांद्याचं मला का नाही सांगितलंत?" बाई त्याला विचारत होत्या.

"तुम्ही... छातीचं विचारलंत."

"साखर असलेल्या माणसाची छाती गप्प बसते बऱ्याचदा. तेव्हा खांदा बोलतो." त्या बोलता बोलता उठल्या होत्या. "घाम कसला आलाय एवढा? आत्ता दुखतंय का?"

"जिना... पळत आलो."

"आत्ता, या क्षणी दुखतंय का?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. पडद्यावरच्या तक्त्यात ‘नाही’च्या जागी ‘हो’ भरायचं राहूनच गेलं. बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "तक्ता धडधाकट माणसासाठी असतो. आता मला आकडा नको, पट्टी हवी," त्या परिचारिकेला म्हणाल्या. त्याला आडवं केलं, सदरा वर केला, छातीवर थंडगार चकत्या चिकटवल्या. यंत्रातून कागदाची पट्टी निघाली. बाईंनी ती दोन बोटांत धरून वाचली आणि त्यांचा चेहरा बदलला. जिभेखाली एक गोळी आली, चघळायला एक. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावत होतं.

स्ट्रेचर दाराबाहेर निघालं तेव्हा अण्णा भिंतीला चिकटून उभे होते, वाट द्यायला. मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. त्यांच्याकडे कसं बघायचं हे त्याला ठरवता आलं नाही.

मोठ्या रुग्णालयात त्याच संध्याकाळी मनगटातून तार घालून तपासणी झाली. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद होती. तिथं स्टेंट बसवला. "आठवडाभर काढला असता की नाही, सांगता येत नाही," तिथले डॉक्टर बायकोला म्हणाले. तिनं ते त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं, रडणं उरकून झाल्यावर.

मग त्यानं तिला सांगितलं. एका दमात, छताकडे बघत. तिनं चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"अण्णा कालपासून जेवले नाहीत," ती शेवटी म्हणाली. "खाली बागेत बसून असतात. वर चला म्हटलं तर, तो बोलावेल तेव्हा येतो म्हणतात. कोण कुणाचा ते मागाहून बघू. आधी त्यांना वर बोलवा."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतंय ना. पाय लटपटतायत माझे. म्हणून तर बसलेय."

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला, भेटीची वेळ सुरू होताच, अण्णा पडदा सरकवून आत आले. दाढी वाढलेली. त्यांना असं दाढीत त्यानं फक्त एकदाच पाहिलं होतं, आई गेली तेव्हा. ते पलंगाच्या अगदी टोकावर टेकले, बसलेच नाहीत म्हणा.

"दुखतं?"

"नाही."

पलीकडच्या पलंगावरचा माणूस मोठ्यानं घोरत होता.

"मामाला माहीत होतं?" मिस्त्रीनं विचारलं.

"होतं."

"आणखी कुणाला?"

"ज्यांना होतं ते गेले सगळे."

"आईनं तरी सांगायचं होतं मला." त्याचा आवाज चढला. दाराशी बसलेल्या परिचारिकेनं मान वर केली. "त्रेचाळीस वर्षं, अण्णा. मी जगभर सांगत सुटलो, आमच्या घराण्यात असं आणि आमच्या घराण्यात तसं. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

"तिच्याकडे बोट दाखवू नकोस. तिला सांगायचं होतं. तू अठराचा झालास तेव्हा म्हणाली, तुझ्या लग्नात म्हणाली. जाताना पण म्हणाली. मीच नको म्हटलं."

"का?"

अण्णांनी हात उलटे करून पाहिले, जणू उत्तर त्यांवर लिहिलेलं होतं. तारेनं कापलेल्या जुन्या खुणा, वार्निशनं काळी पडलेली नखं.

"एवढं सांगितलं तर पुढचंही सांगावं लागलं असतं," ते म्हणाले.

आता आणखी काय, असं मिस्त्रीच्या मनात आलं आणि त्यानं पांघरूण मुठीत धरलं.

"तो तीन आठवडे सांगत होता, खांदा दुखतोय म्हणून. मी चेष्टा करायचो. बायको नाजूक असते असं ऐकलं होतं, इथं नवराच नाजूक निघाला, असं म्हणायचो. त्या दिवशी एका इमारतीत चौथ्या मजल्यावर पंप चढवायचा होता. तो म्हणाला, आज तू घे. मी म्हटलं, नखरे पुरे, ये इकडे, मलम चोळून देतो. दिलं चोळून. मग म्हटलं, झालं ना? उचल आता." अण्णा थांबले. "तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यानं पंप खाली ठेवला. टाकला नाही. अलगद ठेवला, मग स्वतः बसला. मी मागून ओरडत होतो, काय झालं रे, चल की."

घोरणारा माणूस कूस बदलून शांत झाला.

"आईला हे माहीत होतं?"

"मागणी घालायला गेलो तेव्हा आधी हेच सांगितलं. म्हटलं, हे ऐकून घ्या, मग नाही म्हणा."

"मग?"

"ती मान खाली घालून ऐकत होती. सगळं झाल्यावर एकच विचारलं. मलम त्यांचं त्यांनी लावलं, की तुम्ही लावून दिलंत? मी म्हटलं, मी लावून दिलं. त्यावर ती आत निघून गेली. मला वाटलं, संपलं. पंधरा दिवसांनी तुझा मामा होकार घेऊन आला."

मिस्त्रीनं मान भिंतीकडे वळवली. भिंतीवर कुणीतरी पेन्सिलीनं दिवस मोजल्याच्या रेघा मारल्या होत्या. त्या त्यानं मोजल्या. सात होत्या. मोजून झाल्यावर त्यानं पाय जरा आत घेतले.

"असे टोकावर काय बसलात? पडाल. सरकून बसा नीट."

अण्णा सरकून बसले. पलंग करकरला. परिचारिकेनं येऊन त्याचा रक्तदाब घेतला, आकडा लिहिला, गेली. पाचला घंटा वाजली आणि ठिकठिकाणचे नातेवाईक उठायला लागले. अण्णाही उठले. पडद्यापाशी पोचले.

"अण्णा."

ते वळले.

"उद्या चारला याल?"

"येईन की."

"त्याचं सांगा मग उद्या. मेल्याचं नको. एरवी कसा होता, काय करायचा, ते."

अण्णांनी पडदा हातात धरला होता, तो त्यांनी सोडला नाही.

"गायचा," ते म्हणाले. "दिवसभर गायचा मेला. इतकं वाईट गायचा, की गिऱ्हाइकं हात जोडायची."